लांब इंग्रजी शब्द शेपटाकडून सोडवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांब इंग्रजी शब्द समोर आला की तो नेमका कुठे तोडायचा? 'बायॉलजी' हाच शब्द घ्या. अर्थ समजावताना त्याचे 'बायो' आणि 'लॉजी' असे दोन तुकडे सांगतात. शब्दकोशात त्याच शब्दात तीन टिंबे देऊन चार तुकडे पाडलेले असतात. उच्चार शिकवणारा सांगतो की जोर 'ऑ'वर द्या, म्हणजे 'बायो'च्या अगदी पोटात. यातले खरे कुठले?

तिन्ही खरी. एकच शब्द तीन कारणांसाठी तीन प्रकारे कापला जातो: आवाजासाठी, अर्थासाठी आणि छपाईसाठी. पहिल्यात सिलेबल मोजतात, दुसऱ्यात उपसर्ग, धातू आणि प्रत्यय वेगळे करतात, तिसऱ्यात ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडला तर चालेल ते पाहतात. बऱ्याच शब्दांत या तिन्ही रेघा जवळजवळ एकाच जागी पडतात. त्यामुळे हे तीन वेगळे प्रकार आहेत हेच लक्षात राहत नाही, आणि 'बायॉलजी'सारखा शब्द आला की घोटाळा होतो.

पुढे उच्चार दाखवताना सिलेबलांच्या मध्ये आडवी रेघ आहे आणि मुख्य आघाताच्या, म्हणजे सर्वात जास्त जोराच्या, सिलेबलआधी ˈ ही खूण आहे. शब्दकोशातही ती तशीच, सिलेबलच्या आधी असते. काही अमेरिकी कोशांत मात्र ती नंतर येते, म्हणून कोशाच्या सुरुवातीचे पान एकदा पाहून घ्यावे. 'न', 'ट', 'म' अशी एकटी अक्षरे दिसली तर त्यातला अ हलकासा उच्चारायचा. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, तसा इथे गिळायचा नाही.

आधी सिलेबल म्हणजे काय ते नक्की करू, कारण मराठी माणूस इथेच पहिल्यांदा चुकतो. आपण 'अक्षर' म्हणतो ते लिहिण्याचे एकक आहे. 'पुस्तक' लिहिताना पु, स्त, क अशी तीन अक्षरे होतात. बोलताना मात्र तोंडातून 'पुस्' आणि 'तक' असे दोनच झटके बाहेर पडतात. हे झटके म्हणजे सिलेबल. प्रत्येक सिलेबलच्या पोटात एक स्वर असतो, म्हणून ऐकू येणारे स्वर मोजले की सिलेबल मोजून होतात.

स्वर ऐकून मोजायचे, स्पेलिंगमध्ये पाहून नव्हे. 'क्यू', म्हणजे रांग, याच्या पाच अक्षरी स्पेलिंगमध्ये चार स्वराक्षरे आहेत आणि सिलेबल एक. 'एरिया' चार अक्षरांत संपतो आणि सिलेबल तीन. 'स्ट्रेंग्थ्स'च्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरे, तरी सिलेबल एकच. उलट 'रिदम'मध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही, पण सिलेबल दोन आहेत, कारण शेवटचा म स्वतःच स्वराची जागा घेतो. 'बॉटल'मधला ल आणि 'बटन'मधला न हेच करतात. हनुवटीखाली हात धरून जबडा किती वेळा खाली येतो ते मोजायची एक युक्ती सांगतात. ती लहान मुलांना मजेची वाटते, पण अशा शब्दांत फसते, कारण त्या ल किंवा न साठी जबडा हलतच नाही.

स्पेलिंगवरून मोजताना तीन ठिकाणी जास्त चुका होतात. पहिले ठिकाण म्हणजे भूतकाळाचा ई-डी. तो स्वतंत्र सिलेबल होतो तो फक्त ट आणि ड नंतर: 'वाँटेड', 'नीडेड'. बाकी सगळीकडे नुसता ट किंवा ड चिकटतो, म्हणून 'वॉक्ट' एक सिलेबल, 'वॉक-एड' नव्हे. 'नेकेड', 'विकेड' अशी मोजकी विशेषणे अपवाद आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे शेजारी-शेजारी आलेली दोन स्वराक्षरे. ई-ए ही जोडी 'रीच'मध्ये एक आवाज देते आणि 'रिॲक्ट'मध्ये दोन, कारण तिथे 'री' हा उपसर्ग संपून 'ॲक्ट' सुरू होतो. अर्थाचा जोड आवाजालाही कामी येतो तो असा. तिसरे ठिकाण बोलताना गळून पडलेल्या स्वरांचे. 'व्हेजिटेबल' हा ˈव्हेज-ट-बल असा तीन सिलेबलांचा, 'कम्फर्टेबल' हा ˈकम्फ-ट-बल, 'चॉकलेट' आणि 'बिझनेस' दोन-दोनच. उलट 'फिल्म' एकच सिलेबल असताना 'फिलिम' करून आपण एक जादा घालतो.

दोन स्वरांमध्ये व्यंजनांची गर्दी असेल तर ती वाटायची कशी? इंग्रजी शब्दाची सुरुवात ज्या व्यंजनगटाने होऊ शकते तेवढा गट पुढच्या सिलेबलला द्यायचा, उरलेले मागच्याला. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजीत जास्तीत जास्त तीन व्यंजने येतात, आणि तीन आली तर पहिले स असते, दुसरे प, ट किंवा क, आणि तिसरे र, ल, य किंवा व. म्हणून 'मॉन्स्टर' हा 'मॉन-स्टर'. 'ॲटलस' मात्र 'ॲट-लस', कारण इंग्रजीत ट्ल ने शब्द सुरू होत नाही. उच्चार कोशांचे वाटप साधारण असेच असते. छापील कोशातल्या टिंबांना दुसरे नियम आहेत, त्याकडे शेवटी येतो.

आता आघात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून सगळ्या सिलेबलांना सारखे वजन द्यायची आपली सवय आहे. इंग्रजीत आघाताचे सिलेबल लांबते, त्याचा सूर बदलतो आणि मुख्य म्हणजे त्यातला स्वर पूर्ण राहतो. बाकीच्या सिलेबलांतले स्वर आकसून बहुतेक वेळा हलका अ होतात. 'फोटोग्राफ' हा ˈफो-ट-ग्राफ. 'फोटोग्राफर' हा फ-ˈटॉ-ग्र-फर. 'फोटोग्राफिक' हा फो-ट-ˈग्रॅ-फिक. शब्द एकाच घरातले, आघात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेबलवर सरकत गेला, आणि प्रत्येक वेळी ज्या स्वरावरून तो उठला तो स्वर विझला. 'डेमोक्रॅट', 'डेमोक्रसी', 'डेमोक्रॅटिक' हेच करतात: ˈडे-म-क्रॅट, डि-ˈमॉ-क्र-सी, डे-म-ˈक्रॅ-टिक.

सर्वात जास्त दिसणारी चूक आघात चुकीच्या जागी देण्याची नाही. आघात बरोबर दिला जातो, पण बाकीचे स्वर विझवलेच जात नाहीत. 'फो-टॉ-ग्रा-फर' असे चारही स्वर ठणठणीत म्हटले तर ऐकणाऱ्याला आघात सापडत नाही, मग 'टॉ' कितीही ओरडून म्हणा. आवाज चढवण्यापेक्षा त्या सिलेबलला दोन मात्रा द्या आणि शेजारच्यांना एकेक, किंवा त्याहूनही कमी. देवनागरीत रुळलेली रूपे इथे अडचण करतात, कारण त्यांत प्रत्येक स्वर गोठलेला असतो. आपण 'कॉम्प्युटर' लिहितो, उच्चार कम-ˈप्यू-टर. 'मॅनेजमेंट'चा शेवट 'मेंट' नसून 'मन्ट' आहे.

मग आघात कुठे पडेल हे ओळखायचे कसे? शब्दाच्या शेपटाकडून सुरुवात करायची. इंग्रजीतल्या लांब शब्दांचा आघात शेवटून मोजला तरच नियमात बसतो, आणि बहुतेक वेळा प्रत्ययच तो ठरवतो. प्रत्ययांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात आघाताला हातच लावत नाही: नेस, लेस, फुल, ली, मेंट, शिप, हुड, आयएनजी, ईआर. ही बहुतेक इंग्रजीची जुनी, जर्मॅनिक घरची मंडळी आहेत. त्या घराची रीत अशी की आघात धातूवर बसला की तिथून उठायचे नाही. 'फ्रेंड', 'फ्रेंडली', 'फ्रेंडलीनेस', 'अनफ्रेंडली' या चारही शब्दांत तो 'फ्रेंड'वरच आहे.

दुसरी जात आघात आपल्या अगदी आधीच्या सिलेबलवर ओढून आणते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला, त्याबरोबर हे प्रत्ययही आले. शन, मग तो टी-आय-ओ-एन असो वा एस-आय-ओ-एन, शिवाय इक, इटी, इयन, शल, शस, इकल, इफाय. 'इलेक्ट्रिक' इ-ˈलेक-ट्रिक, 'इलेक्ट्रिसिटी' इ-लेक-ˈट्रि-सि-टी. 'कॉम्पिटिशन' कॉम-प-ˈटि-शन. 'पेडेस्ट्रियन' पि-ˈडेस-ट्रि-अन. 'इक'ला थोडे अपवाद आहेत आणि ते पाठच करावेत: 'ॲरबिक', 'कॅथलिक', 'लूनटिक', 'रेटरिक' आणि अनेकवचनी दिसणारा 'पॉलिटिक्स', या सगळ्यांत आघात पहिल्या सिलेबलवर. 'अरिथमटिक'मध्ये तो 'रि'वर. पण 'पॉलिटिक्स'ला 'कल' लागून 'पॉलिटिकल' झाला की नियम पुन्हा ताबा घेतो: प-ˈलि-टि-कल.

याच जातीचा चुलतभाऊ म्हणजे लॉजी, ग्राफी, नॉमी, मीटर ही ग्रीक शेपटे. इथे आघात शेवटून तिसऱ्या सिलेबलवर जातो: बाय-ˈऑ-ल-जी, इ-ˈकॉ-न-मी, थर-ˈमॉ-मि-टर. 'बायो'च्या पोटात जोर का जातो याचे उत्तर हे. अर्थाची रेघ 'बायो'नंतर आहे, पण आघात शेवटून तीन मोजतो आणि ती रेघ त्याला दिसत नाही. एट-कारान्त लांब क्रियापदेही शेवटून तिसरीच: ˈडे-मन-स्ट्रेट, क-ˈम्यू-नि-केट. हाच एट विशेषणात आला की जागा तीच राहते पण शेवटचा स्वर विझतो. 'सेपरेट करा' यातला ˈसे-प-रेट, आणि 'सेपरेट खोली' यातला ˈसे-प-रट.

तिसरी जात आघात स्वतःवरच घेते: ईअर, ईझ, एट (वरचा क्रियापदांचा नव्हे, 'सिगरेट'मधला), एस्क, ईक आणि बहुधा दुहेरी ई. एन-जि-ˈनिअर, जॅ-प-ˈनीझ, सिग-र-ˈएट, एम-प्लॉय-ˈई. दुहेरी ईचा ठळक अपवाद 'कमिटी', क-ˈमि-टी.

प्रत्यय ओळखीचा नसेल तेव्हा काय? इथे मराठी वाचकाच्या हाती एक गोष्ट आधीपासून आहे. शाळेत वृत्ते शिकताना लघु-गुरू केले होते: ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, आणि पुढे जोडाक्षर आले तर त्यामागचे ऱ्हस्वही गुरू. लॅटिनचा आघात याच वजनावर चालायचा आणि इंग्रजीने लॅटिन शब्दांबरोबर तो नियम बराचसा उचलला. नियम असा: नाम तीन किंवा जास्त सिलेबलांचे असेल तर शेवटून दुसरे सिलेबल पाहा. ते गुरू असेल तर आघात तिथेच. लघु असेल तर एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर.

'अजेंडा'चे 'जेन' बंद आहे, म्हणजे व्यंजनावर संपते, म्हणून गुरू: अ-ˈजेन-ड. 'सिनॉप्सिस' तसाच. 'अरोमा'त 'रो' दीर्घ आहे: अ-ˈरो-म. 'होरायझन' ह-ˈराय-झन. आता उलट बाजू. 'सिनेमा'चा मधला स्वर लघु, म्हणून ˈसि-न-म. 'अमेरिका' अ-ˈमे-रि-क. 'हिपोपोटॅमस' हि-प-ˈपॉ-ट-मस. 'राइनोसेरस' राय-ˈनॉ-स-रस. शेवटच्या दोन शब्दांचे अर्थाचे तुकडे 'हिपो' अधिक 'पोटॅमस', म्हणजे घोडा आणि नदी, आणि 'राइनो' अधिक 'सेरस', म्हणजे नाक आणि शिंग, असे आहेत. राइनोसेरसमध्ये आघाताचे सिलेबल 'नॉ' मागच्या तुकड्याच्या टोकाला आहे. आवाजाच्या आणि अर्थाच्या रेघा वेगळ्या पडल्या की असे होते.

अल, अस, अंट यांनी संपणारी विशेषणेही याच तराजूवर तोलता येतात. प-ˈरेन-टल, पण म्यू-ˈनि-सि-पल. ट्रि-ˈमेन-डस, पण ˈजे-न-रस आणि म-ˈनॉ-ट-नस. रि-ˈडन-डन्ट, पण सिग-ˈनि-फि-कन्ट. आपल्याकडे 'म्युनिसिपल'मधला जोर सर्रास 'सि'वर ऐकू येतो. 'सि' लघु आहे, ते एवढे वजन पेलत नाही.

आपल्या लघु-गुरूत आणि इंग्रजीत दोन फरक आहेत आणि तिथे पाय घसरतो. पहिला जोडाक्षराचा. 'अल्जिब्रा'त 'ब्र' हे जोडाक्षर आहे, आपल्या हिशेबाने त्यामागचा 'जि' गुरू व्हायला हवा. पण इंग्रजीत शब्द ब्र ने सुरू होऊ शकतो, म्हणून ब आणि र दोघेही पुढच्या सिलेबलात जातात आणि 'जि' उघडा, लघुच राहतो: ˈॲल-जि-ब्र. 'व्हर्टिब्रा' आणि 'इंटिग्रल' तसेच. दुसरा फरक लिपीचा. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना दिसते, इंग्रजीत एकच ओ 'अरोमा'त दीर्घ असतो आणि दुसरीकडे विझलेला. म्हणून शेवटून दुसऱ्या स्वरानंतर दोन वेगळी व्यंजने असतील, आणि ती 'ब्र'सारखी शब्द सुरू करू शकणारी जोडी नसेल, तर बेधडक गुरू धरा. एकच व्यंजन असेल तर कोश उघडा. आणि दुप्पट लिहिलेले एकच व्यंजन हे जोडाक्षर नव्हे, इंग्रजी ते एकदाच उच्चारते.

क्रियापदांचा हिशेब एक घर पुढे सरकतो. तिथे शेवटचेच सिलेबल तोलायचे. ते दीर्घ असेल किंवा दोन व्यंजनांवर संपत असेल तर आघात त्यावर: मेन-ˈटेन, डि-ˈसाइड, क-ˈलॅप्स, इ-ˈलेक्ट. नाहीतर एक घर मागे: डि-ˈव्हे-लप, कन-ˈसि-डर, इ-ˈमॅ-जिन. 'डेव्हलप'चा आघात पहिल्यावर देणे ही अतिशय पसरलेली चूक आहे. नाम आणि क्रियापद यांचे हे वेगळे हिशेब भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली सूत्रात बांधले. एकाच स्पेलिंगच्या जोड्या ऐकताना तो फरक सरळ कळतो: नाम ˈरे-कॉर्ड, क्रियापद रि-ˈकॉर्ड, आणि तसेच ˈप्रे-झन्ट व प्रि-ˈझेन्ट. सगळ्याच जोड्या अशा वागत नाहीत. 'रिपोर्ट', 'कंट्रोल', 'आन्सर' दोन्ही भूमिकांत आघात हलवत नाहीत. अपवाद एकूणच आहेत: 'कॅलेंडर'चे 'लेन' आणि 'कॅरेक्टर'चे 'रेक' गुरू असूनही आघात पहिल्यावर बसला आहे.

आता एक लांब शब्द पूर्ण उलगडून पाहू: 'अनप्रेडिक्टेबिलिटी'. शेपटाला 'इटी' आहे, दुसऱ्या जातीचा प्रत्यय, म्हणून आघात त्याच्या लगेच आधी. तिथे 'एबल'चे रूप बदलून 'अबिल' झाले आहे, आघात 'बि'वर. मागे उरले 'अन', 'प्रि', 'डिक्ट'. धातू 'डिक्ट' म्हणजे सांगणे, 'प्रि' आधी, 'अन' नकार. मुख्य आघाताआधी दोनाहून जास्त सिलेबल मोकळी पडली की त्यांतल्या एखाद्यावर दुय्यम आघात येतो. इथे तो धातूवर बसतो, कारण 'प्रेडिक्ट'चा मूळ आघात तिथेच होता. दुय्यम आघाताची खूण खाली असते: अन-प्रि-ˌडिक-ट-ˈबि-लि-टी. सात सिलेबल, एक मोठा ठोका, एक लहान. म्हणण्याचा सराव करताना शेवट आधी म्हणा, 'बिलिटी', मग 'टबिलिटी', मग 'डिक्टबिलिटी', असे मागे मागे जात पूर्ण शब्द जोडा. पुढून सुरू केले तर दम पहिल्या तीन सिलेबलांतच संपतो आणि आघाताच्या जागी पोचेपर्यंत आवाज पडतो.

'इंटरनॅशनलायझेशन' याच पद्धतीने सुटतो. शेपूट 'शन', आघात 'झे'वर, दुय्यम 'नॅ'वर: इन-ट-ˌनॅ-श-न-लाय-ˈझे-शन. आठ सिलेबल, वीस अक्षरे. पहिले आय आणि शेवटचे एन यांच्यामध्ये १८ अक्षरे उरतात म्हणून संगणकवाले त्याला 'आय १८ एन' म्हणतात आणि मोकळे होतात. यातला धातू 'नॅट' म्हणजे जन्मलेला. लॅटिनमधले त्याचे जुने रूप 'ग्नातुस', आपल्या 'जात' या रूपाचा सख्खा नातेवाईक.

असे नातेवाईक बरेच सापडतात आणि धातू लक्षात ठेवायला ते फार उपयोगी पडतात. 'डेंटिस्ट'मध्ये दंत, 'पेडेस्ट्रियन'मध्ये पद्, 'मॉर्टल'मध्ये मृत, 'नेव्ही'मध्ये नौ, 'स्टेशन'मध्ये स्था, 'जंक्शन'मध्ये युज्. मात्र सारखे दिसले म्हणून नाते लावू नये, कोशातली व्युत्पत्ती पाहून मगच लावावे.

उपसर्ग ओळखताना आणखी एक ओळखीची गोष्ट भेटते: व्यंजनसंधी. उत् अधिक लास उल्लास होतो, सत् अधिक जन सज्जन होतो. लॅटिनने अगदी हेच केले. 'ॲड' या उपसर्गाचा ड पुढच्या व्यंजनात मिसळतो: एफ पुढे आला की 'अफेक्ट', एल आला की 'अलोकेट', एस आला की 'असिस्ट', टी आला की 'अटेंड'. 'इन'चे 'इलीगल' आणि 'इरेग्युलर' होतात, 'कॉन'चे 'कोलॅबोरेट' आणि 'करेक्ट', 'सब'चे 'सफिशंट' आणि 'सपोर्ट'. शब्दाच्या सुरुवातीलाच स्पेलिंगमध्ये व्यंजन दुप्पट दिसले तर संशय घ्या की तिथे उपसर्ग संपला आहे.

यामुळे स्पेलिंगच्या कितीतरी अडचणी सुटतात. 'अकॉमोडेट'मध्ये सी एक की दोन, एम एक की दोन? फोड करा: ॲड, कॉम, मॉड, एट. ॲडचा ड सी झाला, म्हणून सी दोन. 'कॉम'चा एम आणि 'मॉड'चा एम, म्हणून एम दोन. 'रेकमेंड' म्हणजे री, कॉम, मेंड: सी एक, एम दोन. 'डिसअपॉइंट' म्हणजे डिस अधिक अपॉइंट: एस एक, पी दोन. घोकंपट्टीपेक्षा हे टिकाऊ.

विझलेल्या स्वराचे अक्षर कोणते, ही दुसरी मोठी अडचण. हलका अ ए, ई, आय, ओ यांपैकी कशानेही लिहिला जातो, ऐकून कळत नाही. तिथे त्या शब्दाचा असा नातेवाईक शोधायचा ज्यात तो स्वर आघाताखाली आला आहे. 'ग्रॅमर'चा शेवट एआर की ईआर? ग्र-ˈमॅ-टि-कल आठवा, तिथे ए स्वच्छ ऐकू येतो. 'कॉम्पिटिशन'च्या दुसऱ्या सिलेबलात ई, कारण 'कम्पीट'. 'डेफिनिट'मध्ये आय, कारण 'फायनाइट'. मुक्या व्यंजनांनाही हीच युक्ती लागू पडते: 'साइन'मधला मुका जी 'सिग्नल'मध्ये बोलतो, 'बॉम'मधला मुका बी 'बॉम्बार्ड'मध्ये. इंग्रजी स्पेलिंग विचित्र वाटते ते बऱ्याच वेळा उच्चारापेक्षा कुटुंबाचे तोंडवळे जपते म्हणून.

अर्थाची रेघ खुद्द इंग्रजी बोलणारेही चुकीच्या जागी ओढतात. 'हेलिकॉप्टर'ची खरी फोड 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे मळसूत्र आणि पंख. पण प्ट ने सिलेबल सुरू करणे इंग्रजी जिभेला जमत नाही, आवाजाचा सोयीचा सांधा 'हेलि'नंतर येतो, म्हणून लोकांनी 'हेलि' हाच धातू समजून 'हेलिपॅड' आणि 'हेलिपोर्ट' बनवले. चूक खरी, पण आता तेच शब्द कोशात आहेत.

लांबीचा विक्रम सांगणारा ४५ अक्षरी 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस' हा शब्द १९३५ साली एव्हरेट स्मिथ या कोडी रचणाऱ्याने मुद्दाम लांब बनवला. पाहताना धडकी भरते, सोडवताना सोपा आहे: फुप्फुस, अति, सूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आणि शेवटी रोगाचा प्रत्यय ओसिस. १९ सिलेबल, मुख्य आघात शेवटून दुसऱ्या 'ओ'वर, कारण तो दीर्घ आहे.

राहिली छपाईची कापणी. कोशातल्या मूळ शब्दातली टिंबे ही बहुतेक वेळा ओळ मोडण्याच्या जागा दाखवतात, उच्चार नव्हे. उच्चारासाठी तिरप्या रेघांमधली किंवा कंसातली लिपी वाचावी. टिंबांवरून उच्चार शिकणे ही चूक अनेक वर्षे कुणाच्या लक्षातच येत नाही. इथे दोन परंपरा आहेत. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टरने १७८३च्या आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात उच्चाराप्रमाणे तोडायची रीत रुजवली. ब्रिटनमध्ये जुना कल व्युत्पत्तीकडे. म्हणून 'नॉलेज' अमेरिकी ओळीत एलच्या नंतर मोडतो आणि जुन्या ब्रिटिश रीतीने 'नो'नंतर, एलच्या आधी.

बाकी नियम थोडके आहेत. एक सिलेबलचा शब्द मोडायचा नाही. एकटे अक्षर मागे किंवा पुढे सोडायचे नाही. एसएच, टीएच, पीएच या जोड्या फोडायच्या नाहीत. दुप्पट व्यंजन प्रत्यय लावताना आले असेल तर मधून मोडा, जसे 'रनिंग'मध्ये दोन एनच्या मधून. ते धातूतच असेल तर धातू सलग ठेवा, जसे 'टेलिंग'मध्ये दोन्ही एलनंतर. आणि तोडलेला तुकडा वाचणाऱ्याला चकवत नाही ना ते पाहा. 'रीअडजस्ट' पहिल्या चार अक्षरांवर मोडला तर डोळा 'रीड' वाचतो आणि पुढच्या ओळीत 'जस्ट' पाहून अडखळतो. 'लेजंड्स' तीन अक्षरांवर मोडला तर 'लेग' आणि 'एंड्स' होतात.

'प्रेझेंट' आणि 'रेकॉर्ड' यांचे काय करायचे हे आघातच ठरवतो. नामात मोड व्यंजनानंतर, क्रियापदात स्वरानंतर. संगणकाला नाम-क्रियापद कळत नाही, तेव्हा तो काय करतो? फ्रँक लियांगने स्टॅनफर्डमध्ये १९८३ साली टेक्स या अक्षरजुळणी प्रणालीसाठी सुमारे साडेचार हजार अक्षरनमुन्यांची पद्धत बसवली. चुकीची मोड जवळपास होऊ न देता ती कोशातल्या ८९ टक्के जागा शोधते. तिच्या जोडीला टेक्समध्ये १४ शब्दांची अपवाद यादी आहे, आणि त्यात 'प्रेझेंट' व 'प्रॉजेक्ट' हे एकही मोड न देता अखंड ठेवले आहेत. चुकीच्या जागी तोडण्यापेक्षा न तोडलेले बरे. टेक्स ओळीच्या शेवटी कमीत कमी दोन अक्षरे ठेवतो आणि पुढच्या ओळीत कमीत कमी तीन ढकलतो. हाताने जुळणी करतानाही हाच आकडा धरावा. मजकूर ब्रिटिश स्पेलिंगचा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा ब्रिटिश इंग्रजी निवडली आहे का ते आधी तपासा, नाहीतर अमेरिकी नमुने लागतात आणि मोडी अमेरिकी रीतीच्या पडतात.